हाडांवरचीं गाणीं
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



आज ज्या तबकडीविषयीं मी बोलणार आहें, ती कोणीं तुमच्या हातीं दिली तर ती गाण्याची तबकडी आहे असें तुम्हांस प्रथम वाटणारच नाहीं. पातळ, लवचिक, काळपट निळसर रंगाचें तें एक पान. कात्रीनें कापल्यामुळें त्याच्या कडा वेड्यावांकड्या झालेल्या. मधोमध जळत्या सिगारेटनें पाडलेलें भोंक. परंतु तें उजेडाकडे धरा, म्हणजे त्यांत माणसाच्या बरगड्या दिसूं लागतील. दुसऱ्या एखाद्या पानांत मनगटाचीं हाडें असतील, तिसऱ्यांत कवटी. आणि तें पान यंत्रावर ठेवून त्यावर सुई टेंकविली, कीं त्या बरगड्यांवरून एखादें टँगो नृत्यगीत वाजूं लागेल.

ही कविकल्पना नव्हे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारापासून पुढें कांहीं वर्षें, सोव्हिएट रशियांतील लेनिनग्राड शहरांत अशा तबकड्या घरोघर चोरून तयार होत आणि गल्लीबोळांत चोरून विकल्या जात. या शहरास आतां पुन्हां सेंट पीटर्सबर्ग असें म्हणतात. तेथील लोक या तबकड्यांना 'बरगड्या' म्हणत, 'हाडांवरचें संगीत' म्हणत. इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर त्या कोरलेल्या असत. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां माझ्यांतील शाळामास्तर जागा झाला, आणि राजकारण बाजूस ठेवून त्यानें आधीं एकच प्रश्न विचारला: हें व्हावें तरी कसें?

त्याचें उत्तर तबकडीच्या खांचेंत आहे. तबकडीवर आपल्याला शेंकडों रेघा दिसतात, पण वस्तुतः ती एकच रेघ असते. कडेपासून निघून वळसे घेत घेत ती मध्याकडे जाते. वर्गांत हें सांगितलें कीं निम्मीं मुलें अविश्वासानें हंसत, म्हणून मी एक जुनी तबकडी नेऊन प्रत्येकाला ती रेघ भिंगांतून पाहावयास देत असें. ही रेघ सरळ नसते. गाणाऱ्याच्या आवाजानें हवा जशी कांपली, तशी ती नागमोडी कांपत जाते. सुई तींतून जातांना तशीच कांपते, आणि तें कंपन मोठें झालें म्हणजे आपण म्हणतों, गाणें लागलें. जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची खांच मिलिमीटरच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी रुंद असे. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची व्हाइनिलची दीर्घ तबकडी काढली, तिची खांच केसाहूनही बारीक. मिलिमीटरचा जेमतेम विसावा हिस्सा. हळुवार स्वरांचे हेलकावे तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतच मोजावे लागतात. मात्र या साऱ्या वर्णनांत पदार्थाचें नांव गुणधर्म म्हणून कोठेंच आलें नाहीं, हें आपल्या ध्यानांत आलें असेल. जो पदार्थ ती रेघ धरून ठेवील, तो गाईल. किती वेळां गाईल, एवढाच काय तो पदार्थापदार्थांतला भेद.

म्हणूनच या शास्त्राचा इतिहास चमत्कारिक पदार्थांनीं भरलेला आहे. एडिसननें १८७७ सालीं पहिला आवाज धरला तो कथिलाच्या वर्खावर. बर्लिनरनें १८८७ च्या सुमारास लांबट नळकांडें सोडून चपटी तबकडी योजिली. आरंभीं ती कठीण रबराची होती, आणि पुढें जो पदार्थ स्थिरावला तो आपल्या देशांतला, लाख. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर एक क्षुद्र किडा जें कवच करितो, तेंच हें द्रव्य. त्यांत पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची पूड आणि काजळी मिसळून, तो लगदा तापवून, निकेलच्या ठशांमध्यें दाबीत. गंमत अशी, कीं १९०२ सालीं फ्रेड गेसबर्गनें कलकत्त्यास येऊन गौहर जान आदि कलावंतांचे आवाज टिपले ते छापण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हरला गेले. लाख येथली, गळा येथला, आणि तबकडी मात्र समुद्रापलीकडून यावयाची! कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ मध्यें.

नुसत्या हौसेपायीं केलेले उद्योग तर विचारूंच नका. कोलोन येथील स्टोलव्हेर्क या मिठाईच्या पेढीनें १९०३ सालीं मुलांसाठीं एक खेळण्यांतला फोनोग्राफ विकावयास काढला. त्याच्या तबकड्या चॉकोलेटच्या होत्या. ऐकून झालें कीं खाऊन टाकावें. अगदीं अलीकडे, २०१३ च्या सुमारास, स्वीडनमधील एका वाद्यवृंदानें आपलें गाणें रबरी साच्याच्या रूपानें दिलें. त्यांत शुद्ध केलेलें पाणी ओतावयाचें, गोठवावयाचें, आणि बर्फाची तबकडी वितळण्यापूर्वीं वाजवावयाची. अमांडा घसेई या अमेरिकन विदुषीनें २०१२-१३ मध्यें संगणकाच्या साहाय्यानें त्रिमित मुद्रणयंत्रावर तबकडी छापली आणि पुढें लाकडावर किरणशलाकेनें खांचा कोरल्या. लाकूडही गायलें, आवाज धुळीच्या वावटळींतून यावा तसा, पण गाणें ओळखूं येई. हीं सर्व कौतुकें मला आवडतात. पण कौतुक आणि गरज यांत अंतर आहे, आणि लेनिनग्राडची कथा गरजेची आहे.

हें तें शहर, ज्यानें १९४१ ते १९४४ पर्यंत ८७२ दिवस जर्मनांचा वेढा सोसला आणि ज्यांतील लक्षावधि माणसें भुकेनें मेलीं. लढाई संपल्यावर जे वांचले त्यांना नाचावेंसें वाटलें, यांत नवल काय? परंतु कोणतें गाणें ऐकावें हें तेथें सरकार ठरवीत असे. परदेशी जाझ वर्ज्य; देश सोडून गेलेल्यांचीं गाणीं वर्ज्य. प्योत्र लेश्चेंको नांवाचा गायक बुखारेस्ट येथें राहून रशियन भाषेंत टँगो गात असे. त्याचा आवाज रशियांत ज्याला त्याला हवा होता, आणि दुकानांत तो मिळत नव्हता. या गायकास पुढें १९५१ सालीं रुमानियांत अटक झाली, आणि १९५४ मध्यें बंदिवासांतच त्याचा अंत झाला. त्या वेळीं लेनिनग्राडच्या कोणत्या तरी खोलींत, दार लावून, कोणाच्या तरी छातीच्या चित्रावर तो गात असेल असें माझ्या मनांत येतें.

नेव्ह्स्की या तेथील प्रमुख रस्त्यावर १९४६ सालीं स्तानिस्लाव्ह फिलोन या गृहस्थानें एक ध्वनिमुद्रणाचें दुकान थाटलें. त्याच्यापाशीं युद्धांत हातीं लागलेलें टेलेफुंकेन कंपनीचें तबकडी कोरण्याचें जर्मन यंत्र होतें. उघड धंदा असा, कीं गिऱ्हाइकानें यावें, चार शब्द बोलावे किंवा गावे, आणि त्याचें 'बोलतें पत्र' घरीं पाठवावें. दुकान बंद झाल्यावर मात्र निराळें काम चाले. एका चक्रावर मूळ परदेशी तबकडी वाजे, तिचा आवाज विजेनें वाढवून दुसऱ्या चक्रावरील कोरणीला दिला जाई, आणि ती कोरणी मऊ फिल्मवर तीच नागमोडी रेघ ओढीत जाई. तीन मिनिटांच्या गाण्याची एक प्रत करावयास पुरीं तीन मिनिटें लागत. दहा प्रती हव्या तर मूळ तबकडी दहा वेळां वाजविली पाहिजे. ही छपाई नव्हे, ही हातानें केलेली नक्कल. आपल्याकडे पोथ्या उतरून घेत तशी.

या दुकानांत एक तरुण वारंवार येई, रुस्लान बोगोस्लोव्स्की त्याचें नांव. त्यानें तें यंत्र नीट न्याहाळलें, मापें ध्यानांत ठेविलीं, आणि तसेंच यंत्र स्वतः करून घेतलें. बोरिस तैगिन व इतर कांहीं मित्र त्याला मिळाले. आपल्या मालावर घालावयास त्यांनीं नांव घेतलें 'सोनेरी कुत्रा'. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा आपणां सर्वांना ठाऊक आहे. हा त्याचाच रशियन भाऊबंद. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मा आगीच्या भयानें इस्पितळांना ठेवूं देत नसत, त्या काढून टाकाव्या लागत. तेव्हां तेथील नोकरांच्या हातावर थोडे पैसे ठेविले कीं गठ्ठेच्या गठ्ठे मिळत. फिल्मच्या अंगावरील मुलामा पुरेसा मऊ, म्हणजे कोरणी चाले. आणि फिल्म पुरेशी चिवट, म्हणजे सुईखालीं ती कांहीं वेळ टिके. एवढ्या दोन गुणांवर सारा संसार उभा राहिला.

आवाज कसा असे? खरखरीचा, आणि थोड्या वेळां वाजविल्यावर खरखरच उरे. एकच बाजू. विक्रेते बाह्यांच्या आंत गुंडाळून नेत आणि कोपऱ्यावर उभे राहून विकीत. घरीं जाऊन लावीपर्यंत आंत काय आहे तें कळण्याचा मार्ग नाहीं. कांहीं लबाड असेही निघाले, कीं आरंभीं दोन-चार सुरावटी जाझच्या, आणि मग एकदम कोणी तरी रशियनमध्यें शिव्या हांसडतो आहे! पैसे परत मागावयास जाणार कोणाकडे? चोरीच्या बाजारांत ग्राहकाला तक्रार करण्याची सोय नसते.

१९५० च्या नोव्हेंबरांत पोलिसांची धाड पडली. बोगोस्लोव्स्कीला तीन वर्षांची आणि तैगिनला पांच वर्षांची शिक्षा झाली. १९५३ सालीं स्टालिन मरण पावल्यावर जी सामान्य माफी झाली तींत ते सुटले, आणि सुटून काय केलें म्हणाल, तर पुन्हां तबकड्या. बोगोस्लोव्स्की यापायीं तीनदां तुरुंगांत गेला. घरगुती तबकड्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा १९५८ सालीं झाला; परंतु या धंद्याचा खरा अंत कायद्यानें केला नाहीं, फितीच्या ध्वनिमुद्रकानें केला. १९६० नंतर तीं यंत्रें लोकांना मिळूं लागलीं, आणि हाडांची गरज सरली.

त्या माणसांना कोणी चोर म्हणतील, कोणी वीर म्हणतील. त्यांनीं पैसे मिळविले हें खरें. तरी पण विकावयास इतर कितीक वस्तु असतां, तीन मिनिटांचें गाणें कोरावयास तीन मिनिटें आणि वर तीन वर्षें तुरुंग, हा हिशेब केवळ व्यापाऱ्याचा नव्हे असें मला वाटतें.

आतां श्रोते विचारतील, कीं मास्तर, तुम्हांला या वयांत तबकड्यांच्या नकला कशाला हव्या होत्या? सांगतों.

आमच्या घरीं ७८ फेऱ्यांची दहा इंची एक तबकडी आहे, एका नाट्यपदाची. वडिलांनीं ती लग्नानंतर पहिल्या वर्षीं आईसाठीं जुन्या बाजारांतून आणली होती. कडेपासून निघून मधल्या कागदाजवळ पोंचणारा एक तडा तिला आहे. त्यामुळें प्रत्येक फेऱ्यास 'टक्' असा आवाज येतो, म्हणजे मिनिटास अठ्याहत्तर वेळां. वर्षांमागून वर्षें तो तडा लांबत आला, आणि गेल्या पावसाळ्यांत मला दिसलें, कीं आणखी थोड्याच दिवसांत तबकडीचीं दोन शकलें होणार. आईचें वय ८७. नातू म्हणाला, "आजोबा, फोनवर घेऊन ठेवा कीं." घेतलें. आईनें ऐकलें, "छान आलंय," म्हणाली, आणि थोड्या वेळानें विचारलें, "आणि तबकडी कुठं आहे?" तिला ती फिरतांना पाहावयाची असते. यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नांतील वरमाला रेझिनमध्यें बसवून जतन करून देण्याचा व्यवसाय करिते. तिच्याकडे गेलों. तिनें सगळें ऐकून घेऊन इतकेंच म्हटलें, "सर, फूल आणि गाणं यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. करून पाहूं." लेनिनग्राडकरांनीं कोरून नक्कल केली, आमच्यापाशीं कोरणी नसल्यामुळें आम्ही ठसा घेण्याचें ठरविलें. तबकडी कांचेवर सपाट ठेवावयाची, भोंवतीं शाडूची कड करावयाची, आणि वरून सिलिकोन रबराचा पातळ रस संथपणें ओतावयाचा. दुसऱ्या दिवशीं तो रबर होतो. सोलून काढला कीं त्यावर खांचेच्या जागीं बारीक वरंबा उठलेला असतो. त्या साच्यांत रेझिन ओतलें, कीं वरंब्याची पुन्हां खांच होते.

सांगावयास सोपें, परंतु आरंभींच माझ्या हातून एक अपराध घडला. सराव म्हणून घेतलेली दुसरी एक जुनी तबकडी मीं स्पिरिटनें पुसली. लाख स्पिरिटांत विरघळते, सुतार त्याच गुणावर पॉलिश करितो, हें चाळीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्या माणसाच्या ध्यानांत राहूं नये! बोळा काळा झाला आणि एक अख्खें गाणें त्या बोळ्यावर निघून आलें. ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या आहेत त्यांना माझें कळकळीचें सांगणें, कीं साधें शुद्ध पाणी आणि मऊ फडकें, याहून कांहीं लावूं नका, आणि मधला कागद भिजूं देऊं नका.

पहिला साचा बुडबुड्यांनीं बिघडला. एका बुडबुड्याएवढी पोकळी म्हणजे सुईला खड्डाच. दुसऱ्या वेळीं साचा उत्तम आला. पण मूळ तबकडीच्या भोंकांत शिरून जो रबराचा खुंटा तयार होतो, तो सोलतांना माझ्याच धसमुसळेपणानें तुटला. तोच खुंटा प्रतीचें भोंक नेमकें मध्यावर पाडीत असतो. मीं नजरेनें मध्य काढून भोंक पाडलें. फरक अर्ध्या मिलिमीटरहून फार नसेल; परंतु त्या थोर गायकाचा षड्ज असा डोलूं लागला, कीं जणूं ते होडींत बसून गात आहेत. विद्यार्थिनी हंसून हंसून खालीं बसली. तिसरा साचा मात्र साधला.

साचा हातांत आल्यावर मला राहवेना. नातवाच्या आग्रहानें चॉकोलेट ओतलें. शीतपेटींतून काढून लगेच लावलें तर तीनदां वाजलें, चौथ्या वेळीं सुई चिखलांतून चालावी तशी चालली, आणि मग तें गाणें त्यानें खाल्लें. पॅरिसच्या चुन्यानें निराशा केली. वरून तो गुळगुळीत दिसतो, पण त्याचे कण खांचेच्या मानानें मोठे, त्यामुळें गाण्यापेक्षां त्याची स्वतःचीच कुरकुर अधिक. शेवटीं लाखेच्या बांगड्या करणाऱ्याकडून लाख आणली, शाळेंतून निवृत्त होतांना आठवण म्हणून आणलेल्या दोन फुटक्या दगडी पाट्या कुटून वस्त्रगाळ केल्या, देवघरांतली काजळी घातली, आणि तो लगदा तापलेल्या साच्यावर घालून वरून कांच व पाटा ठेवला. कारखान्यांत जो प्रचंड दाब लागतो तो पाट्याला कोठून यावा? तबकडी कडेला पोंचलीच नाहीं. परंतु मधल्या भागांत, मुसळधार पावसाच्या आडून यावा तसा, सुमारें मिनिटभर आवाज आला. ज्या पाट्यांवर मुलांनीं पाढे लिहिले त्या गात होत्या. नंतर ती तबकडी तडकली. ती मीं टाकलेली नाहीं.

या सर्व प्रतींना हलक्या सुईचें विजेचें यंत्र लागतें. जुन्या चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई आणि तिच्यावरचें तें जड ध्वनिपात्र यांखालीं रेझिनचीही खांच नांगरली जाईल. आणि आमची ही प्रत घरापुरतीच आहे हें निराळें सांगावयास नकोच.

दिवाळीच्या आधीं रेझिनची प्रत आईपुढें लावली. ती पारदर्शक असल्यामुळें खालचें फिरणारें चक्र दिसत होतें. "ही कसली कांचेची बांगडी?" म्हणून तिनें चष्मा पुसला. पद सुरू झालें. आणि त्याबरोबर 'टक्' सुरू झालें. कारण साच्यानें गाण्याबरोबर तडाही उचलला होता. ती टक्‌टक् घालवावी असें विद्यार्थिनीनें सुचविलें होतें. त्या रेघेंत मेण भरण्याचा तिचा विचार होता. तें आमच्याकडून राहून गेलें होतें.

आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या हातून पडली होती, तीच ना ही?"

मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. तबकडी मांजरानें पाडली असें मीं घरांत सांगितलें होतें, आणि सत्तावन्न वर्षांत त्या गोष्टीचा पुन्हां उच्चार झाला नव्हता. मीं होय म्हटलें.

"त्या बिचाऱ्या मांजराला तुझ्या वडिलांनीं दोन दिवस घरांत घेतलं नाही," ती म्हणाली, आणि तिनें सुई पुन्हां पहिल्यापासून ठेवावयास सांगितलें.